एकाच चुलीचा निवता

उमरदरी या गावात एकशे बेचाळीस घरं, एक मारुती, एक कोरडी विहीर आणि एक परराष्ट्र धोरण आहे. पहिल्या दोन गोष्टी पूर्वजांनी ठेवून दिल्या. चौथी तिसरीतून निघाली. ज्या गावाला स्वतःचं पाणी असतं त्याला धोरण लागत नाही. ते सरळ भांडतं.

धोरणाचा कारभार हिंमतरावांकडे होता. कागदोपत्री सरपंच त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई. सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं तेव्हा हिंमतराव दोन दिवस जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोचा अर्ज भरला. तेव्हापासून सह्या सत्यभामाबाई करत आणि त्या कशावर करायच्या ते हिंमतराव ठरवत. त्यांच्या फटफटीच्या नंबरप्लेटवर ठळक अक्षरात 'सरपंच' असं लिहिलेलं होतं. त्याखाली बारीक अक्षरात 'पती' असंही होतं, पण नेमका तिथेच चिखल बसत असे. अनौपचारिक संबंध सांभाळायला याहून योग्य माणूस मिळणं कठीण होतं, कारण ते स्वतःच अनौपचारिक होते.

संबंध सांभाळायचे होते धामणखेडशी, आणि पंचाईत अशी की धामणखेडं दोन होती.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत एकच होतं. मग तिथले सरपंच पुंजाजी आणि त्यांचा धाकटा भाऊ गोपाल यांच्या चुली वेगळ्या झाल्या. कारण दुधाचं पितळी पातेलं. ते आईने, म्हणजे आशाबाईंनी, थोरल्या सुनेला दिलं होतं की धाकटीला, याबाबत दोन मतप्रवाह आहेत. धाकटी सून सिंधूताई वाद घालत बसली नाही. तिने पातेलं उचललं आणि नवऱ्याला घेऊन नाल्यापलीकडच्या मळ्यात राहायला गेली. मागोमाग तिच्या बाजूची भावकी गेली, भावकीमागे पुंजाजींवर रुसलेले गेले, आणि साठ घरं उभी राहिल्यावर सिंधूताईंच्या लक्षात आलं, की हे आता वेगळं राहणं नसून गाव झालं आहे. त्यांनी ग्रामसभा भरवली, स्वतंत्र ग्रामपंचायतीचा ठराव केला, स्वतः सरपंच झाल्या आणि मोताळ्याहून शिक्का बनवून आणला. प्रस्ताव जिल्ह्याला गेला. 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा' एवढा शेरा घेऊन तो परत आला. त्रुटी कोणती, हे लिहिलेलं नव्हतं. तीच त्रुटी असावी असं समजून सिंधूताईंनी प्रस्ताव पुन्हा पाठवला. शासनाने नव्या धामणखेडला हो म्हटलं नाही, तसं नाहीही म्हटलं नाही. शासन कोणालाच नाही म्हणत नसतं, ते फक्त उत्तर देत नसतं.

पुंजाजींनी मात्र उत्तर दिलं. जुन्या गावाच्या वेशीवर त्यांनी हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवून घेतलं: 'धामणखेड एकच हाये.'

आणि दैवाची करणी अशी, की ज्या गावाला जिल्हा ओळखत नव्हता त्याच्याच विहिरीला बारमाही पाणी होतं. उमरदरीचा पाइप तिथून निघे आणि जुन्या धामणखेडच्या रस्त्याखालून उमरदरीच्या टाकीत येई. पाणी सिंधूताईंच्या हातात, रस्ता पुंजाजींच्या हातात आणि मधे हिंमतराव हात जोडून.

पाइप टाकायच्या वेळी पुंजाजींनी त्यांना कडुनिंबाखाली बसवून अटी सांगितल्या.

"हिंमतराव, तहानलेल्याच्या आडवं येनं पाप हाये. टाका पाइप. माह्या रस्त्याखालून टाका. पन एक गोष्ट ध्यानात ठेवा."

"बोला ना भाऊ."

"तिकडच्या चुलीले निवता गेला का पाइप उखडला म्हून समजा."

"पन भाऊ, पानी त तिकडूनच—"

"पानी जमिनीतून येते. जमिनीले गाव नसते," पुंजाजी म्हणाले. "निवत्याले असते."

बाहेरच्या वाचकासाठी एवढं सांगायला हवं, की वऱ्हाडात जेवणाच्या निवत्याच्या, म्हणजे आवतणाच्या, पायऱ्या आहेत. 'एक माणूस' असा निवता आला तर घरातल्या एकाने जायचं, जेवायचं आणि सुपारी तोंडात टाकून परत यायचं. 'चुलीले निवता' आला तर त्या दिवशी त्या घरची चूल पेटतच नाही. म्हातारेकोतारे, लेकरं, आलेला जावई, सगळ्यांनी पंगतीला जायचं. चुलीला निवता दिला की ती चूल आहे, हे जगाने मान्य केलं. मोठी राष्ट्रं यासाठी राजदूत पाठवतात. इकडे हळदीचे मूठभर तांदूळ पाठवतात. परिणाम तोच होतो.

तेव्हा धोरण ठरलं. ते शब्दांत बांधलं ग्रामसेवक संघर्ष इंगळे यांनी. हा तरुण स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करून आलेला, त्यामुळे काहीही न म्हणणारं वाक्य कसं लिहायचं याचं त्याला पक्कं शिक्षण होतं.

"भाऊ, संबंध हायेत असं म्हनाचं नाही," त्याने हिंमतरावांना समजावलं. "संबंध नाहीत असंही म्हनाचं नाही."

"अन् कोनी तोंडावर इचारलंच त?"

"त पानी पेयाचं. तेवढ्यात तो विषय बदलते."

ग्रामपंचायतीच्या दप्तरात नव्या धामणखेडचं नाव कधी आलं नाही. 'सदर ठिकाण', 'पूर्वेकडील भाग', 'नाल्याची ती बाजू' असे उल्लेख येत. सिंधूताईंचा उल्लेख 'सदर ठिकाणच्या ताई' असा होई. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी पाण्याच्या दाबाने उत्तर दिलं. दोन दिवस नळाला करंगळीएवढी धार आली. हिंमतराव धावत गेले.

"मले निवता नको," सिंधूताई म्हणाल्या. "माहे भासरे चिडतील, तुमची अडचन मले समजते. पन मले 'भाग' म्हनता? मी का नकाशातला डाग हावो? काहीतरी असू द्या तुमचं आमच्या इथं. एखादी पाटी, एखादा मानूस."

कार्यालय उघडणं अशक्य होतं. म्हणून सदर ठिकाणच्या पीठगिरणीच्या ओट्यावर 'उमरदरी भजन व पीठगिरणी सुधार मंडळ' स्थापन झालं आणि ग्रामपंचायतीचा शिपाई गोकुळ याची तिथे संपर्क भजनी म्हणून नेमणूक झाली. दर गुरुवारी त्याने जायचं, निरोप द्यायचे, निरोप घ्यायचे. पण नाल्याच्या अलीकडे पुंजाजींची माणसं कान लावून बसलेली असत, तेव्हा भजन होणंही आवश्यक होतं. गोकुळच्या घराण्यात कोणी गायलेलं नव्हतं. त्याने टाळ धरला आणि गिरणी चालू असताना सुरुवात केली. गिरणी बंद पडली तरी लोकांना बराच वेळ ती चालूच आहे असं वाटत राही.

तिसऱ्या गुरुवारी सिंधूताईंचा निरोप आला: "मान्यता नसली तरी चालते, पन मानूस बदला."

माणूस बदलला नाही. दुसरा शिपाई नव्हता.

हळूहळू सगळं बसत गेलं. मारुतीच्या क्रिकेट सामन्यांत नव्या धामणखेडचा संघ 'पूर्वेकडून आलेली पोरं' या नावाने खेळला आणि जिंकलाही. बक्षीस वाटताना निवेदकाने पुंजाजींकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "कप जिंकला हाये... ज्याह्यनं जास्त धावा काढल्या त्याह्यनं." टाळ्या झाल्या. पुंजाजींनीही वाजवल्या, कारण धावांवर त्यांचा आक्षेप नव्हता.

मारुतीच्या भंडाऱ्याला जुन्या धामणखेडच्या प्रत्येक चुलीला निवता गेला. नव्याला गेला नाही. फक्त गोकुळने भजनाच्या दोन कडव्यांमध्ये एवढंच सांगितलं, की त्या दिवशी येता-जाता कोणी थांबलं तर पत्रावळ कमी पडणार नाही. ठरल्या दिवशी बारा वाजता पूर्वेकडून अडीचशे माणसं आली. विचारल्यावर सगळ्यांनी एकच सांगितलं: वासरू हरवलं, ते शोधून राह्यलो. त्यांनी मारुतीच्या मागे शोधलं, शाळेच्या पटांगणात शोधलं, पंगतीत बसून वरण-बट्टी खाताना इकडेतिकडे नजर टाकून शोधलं, आणि सापडलं नाही म्हणून हळहळत निघून गेली. पुढच्या वर्षी तेच वासरू त्याच दिवशी पुन्हा हरवलं.

हिंमतरावांना आता धोरणाचा अभिमान वाटू लागला होता. टीव्हीवर परदेशी शिष्टमंडळं हात मिळवताना दिसली की ते म्हणत, "हे लोक फार उघड करून राह्यले."

मग यंदाच्या एप्रिलमध्ये जुन्या धामणखेडची विहीर आटली.

पुंजाजी स्वतः आले. चहा झाला, उन्हाची चर्चा झाली. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"हिंमतराव, गावाले पानी पाह्यजे. रोज एक टँकर."

"भाऊ, आमच्याजवळ कुठलं? आमच्या टाकीत त तिकडून—"

"तुमच्या टाकीत आलं का ते तुमचं," पुंजाजी म्हणाले. "पोरगी सासरी आली का तिचं आडनाव बदलते का नाही?"

"बदलते."

"मंग. पन मले दाखला लागन. उद्या माह्या गावात कोनी म्हनलं का पुंजाजी भावजयीच्या विहिरीचं पानी पेला, त मी तोंड कुठं दाखवू?"

संघर्षने रात्री नव्हे, भर ऑफिसच्या वेळेत, पंख्याखाली बसून तो दाखला लिहिला. जिल्ह्याच्या प्रशासकीय इतिहासात तसा दुसरा नसावा: 'दाखला देण्यात येतो की, सोबतच्या टँकरमधील पाणी हे मौजे उमरदरी येथील टाकीतून निघालेले आहे. टाकीत येण्यापूर्वी सदर पाणी कुठे होते, याची नोंद या कार्यालयात उपलब्ध नाही. सबब ते जन्माने उमरदरीचे समजण्यात यावे.'

त्या दिवसापासून पाणी नव्या धामणखेडहून निघे, जुन्या धामणखेडच्या रस्त्याखालून उमरदरीला जाई, तिथे दाखला घेई आणि टँकरमध्ये बसून त्याच रस्त्यावरून जुन्या धामणखेडला परत येई. खालून जाताना ते वैरी असे, वरून येताना सोयरं.

टँकर काही वासरू नव्हे. तो नाल्यापलीकडून दिसला. पुढच्या गुरुवारी गोकुळ भजन अर्धवट टाकून परत आला.

"ताई म्हनून राह्यल्या, माह्या विहिरीचा एक थेंब जरी त्या चुलीवर शिजला त व्हॉल बंद. लिहून द्या म्हने."

संघर्षने दुसरा दाखला लिहिला: 'उमरदरीस प्राप्त होणारे संपूर्ण पाणी उमरदरीतच पिण्यात, धुण्यात व सांडण्यात येत असून ते गावाबाहेर जात नाही.' दोन्ही कागद सहीसाठी घरी आले. सत्यभामाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी पिठाचे हात पुसले आणि दोन्ही वाचले. ही गोष्ट हिंमतरावांना आवडली नाही.

"अवो, हे काय व्हय?"

"दाखला."

"अन् हे?"

"तोही दाखलाच."

"एकात पानी गावाबाहेर जाते, एकात जात नाही."

"परराष्ट्र धोरन व्हय ते. तुले नाही समजनार."

"पन सही माही हाये ना?"

"सहीले समजाची गरज नसते," हिंमतराव म्हणाले.

सत्यभामाबाईंनी सही केली. तव्यावरची भाकरी तेवढ्यात करपली होती. ती त्यांनी हिंमतरावांच्या ताटात वाढली.

धोरण आणखी दहा वर्षं चाललं असतं. ते मोडलं शांततेमुळे.

झेडपीची निवडणूक लागली. वरून एक साहेब आले, त्यांनी मतदारयाद्या पाहिल्या आणि धामणखेडची मतं दोन ठिकाणी सांडलेली पाहून त्यांना अतोनात वाईट वाटलं. मोताळ्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, त्यांनी पुंजाजी आणि सिंधूताई यांना एका मंचावर आणलं. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलायची रीत नाही, म्हणून सिंधूताई डोक्यावरचा पदर पुढे ओढून साहेबांशी बोलल्या आणि पुंजाजी साहेबांना उद्देशून उत्तरले. दोघांत साहेब नुसते मान हलवत होते. संयुक्त धामणखेड जाहीर झालं. सरपंच कोण, हे निवडणुकीनंतर ठरवायचं ठरलं. त्या दिवशी आशाबाईंनी तीन वर्षांनी पहिल्यांदा दोन्हीकडची नातवंडं एका ओळीत बसवली आणि एकाच चुलीवर पुरणपोळी केली. पातेलं नव्या घरून आलं, दूध जुन्या घरचं होतं.

हिंमतरावांनी उमरदरीतर्फे दोघांना शाल दिली. आता एकच धोरण सांभाळायचं, या आनंदात त्यांनी शाल जरा भारीतली घेतली.

पण दोन माणसं एक झाली की त्यांना बोलायला तिसऱ्याचा विषय लागतो. संयुक्त धामणखेडच्या पहिल्याच बैठकीत पातेल्याचा विषय काढायचा नव्हता, सरपंचाचा काढायचा नव्हता, वेशीवरच्या पाटीचा तर नव्हताच. तेव्हा कोणीतरी सहज म्हणालं, आमच्याकडे उमरदरीचा एक दाखला आहे. दुसरं कोणी म्हणालं, आमच्याकडेही आहे. दोन्ही दाखले शेजारीशेजारी ठेवले गेले.

"म्हंजे आपल्यात लावालावी करनारे हे व्हते!" पुंजाजी साहेबांच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले.

"मले तवाच वाटलं व्हतं," सिंधूताई त्याच खुर्चीला म्हणाल्या.

ठराव क्रमांक एक एकमताने मंजूर झाला. उमरदरीच्या सरपंचांवर खोटे दाखले दिल्याबद्दल कारवाई व्हावी आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत पाण्याचा व्हॉल बंद ठेवावा. चौकशी कधी पूर्ण होते हे बैठकीतल्या सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच एकमत झालं. सोमवारी सकाळी गोपालने व्हॉल फिरवला.

तिसऱ्या दिवशी हिंमतरावांच्या दारात रिकामे गुंड, म्हणजे पितळी घागरी, घेऊन बाया उभ्या होत्या. पुढे जनकाबाई, वय सत्तरच्या पुढचं, आवाज पंचविशीचा.

"काऊन रे हिंमत, तुह्या फटफटीवर 'सरपंच' लिवलं हाये ना?"

"हाव, काकी."

"मंग तिच्या टाकीतून दे पानी. आमच्या टाकीत त काही नाही."

"मी जाऊनच राह्यलो काकी, बोलनी करून येतो."

"बोलनीनं वरन शिजत नाही बे!"

हिंमतराव पुंजाजींकडे गेले. पुंजाजी मऊ आवाजात म्हणाले, "आता मी एकटा कसा ठरवू? युती हाये. तिकडे इचारा." हिंमतराव नाला ओलांडून गेले. सिंधूताईंनी पाटावर बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "माह्या एकटीच्या हाती आता काय हाये, भाऊ? इकडे-तिकडे असं राह्यलंच नाही. तिकडे इचारा." पूर्वी दोन दारं होती. एक लागलं तर दुसऱ्यावर टकटक करता येई. आता दार एकच होतं आणि त्याला कुलपं दोन होती.

संध्याकाळी संघर्ष घरी आला. हातात तालुक्याची नोटीस.

"सात दिवसांत खुलासा मागितला, भाऊ. मॅडमच्या सहीनं. दोन्ही दाखल्यांवर सही त्याह्यची हाये. पद जाऊ शकते."

हिंमतराव घाम पुसत म्हणाले, "खुलासा लिही. लिही का पानी..."

"पानी काय?"

हिंमतरावांनी पाणी मागितलं. घरात नव्हतं.

सत्यभामाबाई एवढा वेळ सुपात दाणे पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"निवता द्या," त्या म्हणाल्या.

"कोनाले?"

"धामनखेडले. टाकीले नवीन रंग दिला ना? टाकीची वास्तू करू. पंगत घालू."

"डोस्कं फिरलं का तुहं? प्याले पानी नाही अन् पंगत?"

"पंगत जेवाले मंग येतीन ते. निवता घ्याले त येतीन आधी." त्यांनी संघर्षकडे पाहिलं. "लिहा हो तुमी. संयुक्त धामनखेडच्या सरपंचाच्या चुलीले निवता. एकच. गाव एक झालं ना? मंग चूल एकच."

"तांदूळ कोनाच्या दारात ठेवाचे, मॅडम?"

"ते मी कशी सांगू? दुसऱ्या गावाच्या घरच्या गोष्टीत आपन बोलाव नाही. ज्याची चूल असन तो सांगन."

संघर्षचा पेन हवेतच थांबला. त्याने स्पर्धा परीक्षेसाठी तीन वर्षं आंतरराष्ट्रीय संबंध वाचले होते. हे त्यात नव्हतं. हिंमतरावांनी काही बोलायला तोंड उघडलं, तोवर सत्यभामाबाईंनी सही केलेली होती. कशावर करायची हे त्यांनी पहिल्यांदाच स्वतः ठरवलं होतं, पण सही नेहमीसारखीच आली.

सकाळी दहा वाजता गोकुळ हळदीचे तांदूळ ताटलीत घेऊन धामणखेडच्या पारावर उभा राहिला. टाळ नव्हता, तरी लोक सवयीने दचकले. दोन्हीकडचे जमले. गोकुळने कागद वाचला आणि सांगितल्याप्रमाणे नम्रपणे विचारलं, "सरपंचाची चूल कोनती, तेवढं दाखवून द्या. तांदूळ ठेवतो अन् जातो."

"आन इकडे," पुंजाजी म्हणाले. सहज म्हणाले. त्यांना त्यात वादाचं काही दिसलं नाही.

सिंधूताईंनी पदर सारखा केला. "गोकुळभाऊ, त्याह्यले म्हना, सरपंच कोन ते अजून ठरलं नाही."

"ताई म्हनून राह्यल्या—"

"आयकलं मी. तिले म्हना, थोरली चूल कोनती हे ठराव लागत नाही. मायबापानं मांडली ते थोरली."

"त्याह्यले म्हना, मायबापानं पातेलं कोनाले देल्लं?"

 पातेलं हा शब्द गेले अकरा दिवस कोणी उच्चारला नव्हता.

"देल्लं नाही, नेलं!" पुंजाजी म्हणाले, आणि रीत मोडून पहिल्यांदा भावजयीशी थेट बोलले.

"जे दिवशी नेलं ते दिवशी त्यात तुमच्या घरचं दूध नासलेलं व्हतं," सिंधूताईही थेट बोलल्या.

गोकुळ ताटली धरून एकदा इकडे, एकदा तिकडे वळत होता. तांदळांवर दोन्ही बाजूंचे हात आले, ताटली हवेत गेली. जमलेल्यांनी आपापली बाजू आठवून त्या बाजूला पावलं टाकली. साडेअकराला फोन झाले. बाराला साहेबांचा फोन आला, तो कोणी उचलला नाही. दुपारी वेशीवरची पाटी नव्याने रंगवायला माणूस शिडी घेऊन आला.

साडेतीनच्या सुमाराला उमरदरीच्या टाकीत पाणी पडायला लागलं. सिंधूताईंनी गोपालला सांगितलं होतं, "सोडा उमरदरीले. पाहू दे कोन आडवते." गोपालने काही न बोलता व्हॉल फिरवला. तो कधीच काही बोलत नसे. आणि तिकडे पुंजाजींनी बजावलं होतं, "पाइपाले कोनी हात लावाचा नाही. उमरदरीनं माह्याच चुलीले निवता आनला व्हता, तिनं उधळला." संयुक्त तक्रारही मागे पडली. ती चालवायची तर दोघांना एका कागदावर सही करावी लागली असती आणि एका कागदावर सही करणं म्हणजे दुसऱ्याला मान्यता देणं. तालुक्याने फाइलवर शेरा मारला: 'तक्रारदार अस्तित्वात नाही.'

गोकुळने वेचून आणलेले तांदूळ सत्यभामाबाईंनी निवडले, खडे काढले आणि पिवळेच्या पिवळे एका डब्यात भरून ठेवले.

"ठेवले काऊन?" हिंमतरावांनी विचारलं.

"पुन्हा एक झाले त लागतीन."

मग त्यांनी नळाखालची भरलेली बादली नवऱ्याच्या पुढ्यात सरकवली. "जा, फटफटी धुवा. लय चिखल झाला."

हिंमतरावांनी मुकाट्याने नंबरप्लेट धुतली. बऱ्याच दिवसांनी पूर्ण शब्द वाचता येऊ लागला.

संध्याकाळी नळावर जनकाबाई बातमी घेऊन आल्या. धामणखेडला आशाबाई सकाळपासून जेवल्या नव्हत्या. नातवंडांसाठी भिजवलेली डाळ तशीच होती. कोणत्या चुलीवर चढवायची हे न कळून म्हातारी पाटा-वरवंट्याजवळ बसून राहिली होती, दोन्ही घरांच्या मध्ये, नाल्याकडे तोंड करून.

नळावरच्या साऱ्या बाया हळहळल्या. "अरेरे, वाईट झालं माय," म्हणाल्या. हिंमतरावही हळहळले, संघर्षही. मग प्रत्येकीने भरलेला गुंड बाजूला ठेवून दुसरा लावला. हळहळायला घसा ओला लागतो, आणि तो आता ओला होता.

हे वाचताना आपणही हळहळला असाल, तेव्हा आपल्याकडेही आज पाणी आलेलं दिसतं. ते खुशाल प्यावं. नळात येण्यापूर्वी ते कोणाच्या पातेल्यात होतं, याची नोंद या कार्यालयात उपलब्ध नाही.